खाऱ्या सरोवराचे गोडे पाणी

जयपूर शहराच्या पश्चिम अंगास खातीपुरा नावाची वस्ती आहे. राजस्थानी बोलीत खाती म्हणजे सुतार. तेव्हा हे सुतारांचे पुरे. (याच नावाचे रेल्वे स्थानक मात्र शहराच्या पूर्वेस, दिल्लीच्या मार्गावर आहे, नवख्या प्रवाशाने घोटाळा करून घेऊ नये.) एके काळी गावाबाहेर असलेली ही वस्ती आता शहराच्या पोटात आली आहे. तेथील एखाद्या उंच गच्चीवरून, हवा निवळ असेल तर, ईशान्येस अरवलीची रांग आणि तिच्या माथ्यावर १७३४ साली बांधलेला नाहरगड दिसतो. जयपूर पाहावयास आलेल्या माणसाची दृष्टी साहजिकच त्या बाजूस वळते. आमेर, जयगड, गलत्याची घळ, सारे काही तिकडेच. पश्चिमेस मात्र पाहण्यासारखे काही नाही. रेताड सपाट जमीन, शेतांच्या बांधांवर शमीची विरळ झाडे, आणि त्यापलीकडे क्षितिज.

श्रोतेहो, आजच्या व्याख्यानाचा विषय या ओसाड भासणाऱ्या दिशेसच आहे. खातीपुऱ्यापासून साठ-पासष्ट किलोमीटर अंतरावर ही सपाटी किंचित खोल होते, आणि त्या खोलगट भागात भारतातील सर्वांत मोठे आंतर्देशीय खारे सरोवर पसरले आहे. त्याचे नाव सांभर.

जगातील निसर्गरम्य स्थळांविषयी जी पुस्तके निघतात त्यांत सांभरला सहसा जागा मिळत नाही. धबधबे, हिमशिखरे, दऱ्या, प्रवाळाची बेटे यांची चित्रे त्यांत असतात. ‘स्थळ’ हा शब्दच आपली थोडी दिशाभूल करतो. स्थळ म्हटले की जेथे गाडीतून उतरावे, कठड्याशी उभे राहून पाहावे, छायाचित्र घ्यावे आणि परतावे अशी एक ठरावीक जागा डोळ्यांपुढे येते. पण निसर्गात अशी सुटी जागा जवळजवळ नसतेच. मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी ज्याची वर्णने वाचली तो गिरसप्पाचा धबधबा घ्या. शरावती नदी २५३ मीटर खाली उडी घेते खरी. परंतु वरच्या अंगास लिंगनमक्कीचे धरण १९६४ मध्ये झाल्यापासून ती उडी किती मोठी असावी हे धरणाच्या दारांवर ठरू लागले. नायगाऱ्याची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. अमेरिका व कॅनडा यांनी १९५० साली केलेल्या करारानुसार पर्यटनाच्या हंगामात दिवसा त्या धबधब्यावरून दर सेकंदास किमान २,८३२ घनमीटर पाणी सोडावे लागते. रात्री, आणि हंगाम सरल्यावर दिवसाही, त्याच्या निम्मे पुरते. उरलेले पाणी वीजनिर्मितीकडे वळते. म्हणजे प्रवासी ज्या गर्जनेने भारावून जातो, ती घड्याळाच्या काट्यावर चालते. यात फसवणूक आहे असे नव्हे. धबधब्याचे भवितव्य धबधब्यापाशी ठरत नाही एवढेच यावरून दिसते.

धबधब्यांची कीर्ती तरी त्यांना तारते. करार करण्यापुरती निकड निर्माण होते. खाऱ्या सरोवरांचे तसे नाही. त्यांचे पाणी पिण्यास चालत नाही, शेतीस चालत नाही. काठावर हिरवळ नसते. उन्हाळ्यात दुर्गंधी सुटते. अशा जलाशयाकडे येणारे गोडे पाणी कोणी वाटेत अडविले, तर ‘वाया जाणारे पाणी वाचविले’ असेच सर्वांस वाटते. सांभरचा प्रश्न येथे सुरू होतो.

सांभरची लांबी सुमारे ३५ किलोमीटर; रुंदी कोठे तीन, तर कोठे अकरा किलोमीटर. एवढ्या विस्ताराच्या मानाने त्याची खोली नवल वाटावे इतकी थोडी आहे. पाऊस चांगला झाला तरी तीन मीटरांपलीकडे ती क्वचितच जाते, आणि वैशाखात विस्तीर्ण भाग पार कोरडा पडून त्यावर मिठाची पांढरी पापडी धरते. सकाळच्या कोवळ्या उन्हात ती पापडी बर्फासारखी दिसते. दुपारी तिच्याकडे पाहवत नाही.

सरोवराच्या काठी शाकंभरी देवीचे स्थान आहे. चाहमान, म्हणजे चौहान, राजांची ती कुलदेवता. आरंभीच्या चौहानांची राजधानी येथेच होती आणि सांभर हे नावही शाकंभरीवरूनच आले. स्थानिक कथा अशी की, प्रसन्न झालेल्या देवीने येथील अरण्याचे रूपांतर चांदीच्या मैदानात केले. वर मिळाला, पण लोक घाबरले. एवढी चांदी पाहून लोभ सुटेल, कलह माजतील, रक्तपात होईल. तेव्हा हा वर परत घे, अशी त्यांनी देवीची विनवणी केली. देवीने चांदीचे मीठ केले. ज्या कोणी ही कथा प्रथम रचली त्यास मानवी स्वभावाची चांगली पारख असली पाहिजे. त्याचा अंदाज एका बाबतीत मात्र चुकला. लोभ सुटण्यास मीठही पुरेसे होते.

इंग्रजी राजवटीत मिठावरील कर हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. राजपुतान्यातील स्वस्त मीठ करमुक्त येऊ नये म्हणून सरकारने सिंधू नदीपासून महानदीपर्यंत जकातीची सीमा आखली. १८६९ च्या सुमारास तिची लांबी सुमारे ३,७०० किलोमीटर होती. या रेषेचा बराच भाग काटेरी झुडपांच्या कुंपणाने बंद केलेला असून तिच्यावर हजारो शिपायांचा पहारा असे. मग १८७० मध्ये सरकारने जयपूर व जोधपूर या संस्थानांकडून, ज्यांची या सरोवरावर सामाईक मालकी होती, सांभर भाडेपट्ट्याने घेतले. मिठाचा उगमच हाती आल्यावर कर तेथल्या तेथे वसूल करता येऊ लागला, आणि १८७९ मध्ये ते अवाढव्य कुंपण मोडीत निघाले. स्वातंत्र्यानंतर, १९६४ साली, येथील मिठाच्या उत्पादनासाठी केंद्र सरकार व राजस्थान सरकार यांच्या भागीदारीत स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. सरोवराच्या आरपार सुमारे पाच किलोमीटर लांबीचा दगडी बांध आहे. त्याच्या पश्चिमेस मोकळे सरोवर, पूर्वेस खाऱ्या पाण्याचे साठे व मिठागरे. पश्चिमेकडील पाणी पुरेसे दाट झाले की ते पूर्वेच्या साठ्यांत घेतात, आणि तेथून उथळ वाफ्यांत सोडतात. या वाफ्यांना तेथे क्यार म्हणतात. पुढचे काम सूर्य आणि वारा करतात, व शेवटचे, फावड्याचे, काम माणसे करतात. त्यांच्या पायांना मिठाने पडणाऱ्या भेगा कोणत्याही वर्णनात येत नाहीत.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, वाळवंटाच्या उंबरठ्यावर, एवढे मीठ आले कोठून? भूशास्त्रज्ञांत या प्रश्नाची चर्चा शंभर वर्षांहून अधिक काळ चालली आहे. हॉलंड व क्रिस्टी या दोघा शास्त्रज्ञांनी १९०९ मध्ये असे मत मांडले की, उन्हाळ्यात कच्छच्या रणाकडून वाहणारे नैर्ऋत्येचे वारे बारीक मिठाचे कण राजपुतान्यात आणून टाकतात आणि पावसाचे पाणी ते धुऊन सरोवरात नेते. ही उपपत्ती मनोहर होती व दीर्घकाळ मान्यही होती. पुढील संशोधनाने वाऱ्याचे श्रेय बरेच कमी केले. आज अधिक भर दिला जातो तो सरोवराच्या रचनेवर. सांभर ही बंद थाळी आहे. आसपासच्या टेकड्यांवरून ओढे वाहत येतात. खडकांतून विरघळलेले क्षार अत्यल्प प्रमाणात त्यांच्या पाण्यात असतात. जिभेला ते पाणी गोडेच लागते. पण थाळीला तोटी नाही. आत आलेले पाणी बाहेर पडण्याची वाट एकच, ती म्हणजे आकाशाची. आणि वाफ होऊन जाताना पाणी आपल्याबरोबर क्षार नेत नाही. हजारो वर्षे असे चालले म्हणजे ताटात काय उरणार हे सांगावयास नको. तेव्हा खारे सरोवर गोड्या ओढ्यांनीच घडविलेले असते. ओढे नसतील तर सरोवर आणखी खारे होऊन टिकेल अशी समजूत असल्यास ती चुकीची आहे. ओढे थांबले की प्रथम पाणी जाते, मग जीव जातात, आणि शेवटी धूळ उरते.

जीव म्हणताना सांभरच्या रंगांचा उल्लेख केला पाहिजे. पाण्याचा खारेपणा वाढत जातो तसतसा त्याचा रंग हिरवट, मग तपकिरी आणि अखेरीस गुलाबी वा रक्तासारखा लाल होतो. ही किमया मिठाची नसून मिठात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांची आहे. ड्युनॅलिएला नावाचे शैवाल आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीव प्रखर उन्हापासून बचाव व्हावा म्हणून शरीरात तांबूस द्रव्ये साठवितात. जेथे खारेपणा बेताचा असतो तेथे निळे-हिरवे शैवाल माजते, आणि त्यावर धाकटे रोहित पक्षी जगतात. उजनीच्या जलाशयावर वा ठाण्याच्या खाडीत रोहितांचे थवे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना सांभरचे दृश्य सांगून समजेल. वर निळे आकाश, खाली पांढरी जमीन, आणि मध्ये जमिनीपासून हातभर उंचीवर हलणारी गुलाबी रेघ. पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी इराणमधील रामसर येथे १९७१ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९८२ मध्ये सहभागी झाला, आणि १९९० मध्ये सांभरचा समावेश त्या करारान्वये संरक्षित स्थळांत करण्यात आला.

नोव्हेंबर २०१९ मध्ये या सरोवराच्या काठी मेलेल्या पक्ष्यांचे खच दिसू लागले. थापट्या बदकांसारखे हिवाळी पाहुणे, तुतवार, चिखले, कितीतरी जाती. शासकीय मोजणीनुसार मृतांची संख्या अठरा हजारांवर गेली. चिखलात रुतून गेलेले मोजता येणे शक्यच नव्हते. कोणी विषप्रयोगाची शंका घेतली, कोणी मिठाला दोष दिला. बरेलीजवळील इज्जतनगर येथील पशुवैद्यक संशोधन संस्थेने निदान केले, ते बोट्युलिझमचे. प्राणवायू नसलेल्या चिखलात वाढणारा एक जिवाणू अत्यंत जहाल विष तयार करतो. त्या विषाने पक्ष्याचे पाय लुळे पडतात, मग पंख, मग मान. आणि मान वर धरता न आल्याने तो बोटभर पाण्यात बुडून मरतो. मेलेल्या पक्ष्यांवर अळ्या पडतात, त्या अळ्यांत विष साठते, ते खाऊन दुसरे पक्षी मरतात. वेळेवर प्रेते उचलणे हाच येथे मुख्य उपाय. आणि एवढ्या दलदलीत तो वेळेवर होणे अवघड. सांभरला त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता. काही वर्षांच्या कोरडेपणानंतर सरोवर भरले, पक्षी मोठ्या संख्येने उतरले, आणि पाणी ओसरू लागताच काठच्या कुजत्या चिखलात रोगाला घर मिळाले. ज्या जलाशयाचे पाणी कधी नाहीसे होते आणि कधी एकदम येते, तेथे असे संकट पुन्हा ओढवण्याची भीती राहतेच.

मग पाणी नाहीसे का होते? सांभरला चार मुख्य ओढे मिळतात. उत्तरेकडून येणारी मेंढा आणि दक्षिणेकडून येणारी रूपनगढ या त्यांतल्या मोठ्या. खारी व खंडेला लहान. या सर्वांचे मिळून पाणलोट क्षेत्र साडेपाच हजार चौरस किलोमीटरांहून अधिक भरते. संरक्षित स्थळ म्हणून नोंदलेला प्रदेश आहे तो २४० चौरस किलोमीटरांचा. संरक्षण बशीला मिळाले. बशीत पाणी ज्या रानातून येते ते रान संरक्षणाबाहेर राहिले. गेल्या काही दशकांत त्या रानात ओढ्यांवर जागोजाग लहानमोठे बंधारे झाले, आणि विंधन विहिरींनी भूजल खोल नेले. पहिल्या पावसाचे पाणी बंधाऱ्यांत अडते, उरलेले तहानलेली वाळू पिऊन टाकते. भर म्हणून सरोवराच्या आत व काठावर बेकायदा विंधन विहिरी खणून जमिनीखालचे खारे पाणी उपसण्याचा उद्योगही चालला. त्याविरुद्ध न्यायालयांनी व हरित न्यायाधिकरणाने वेळोवेळी आदेश दिले आहेत.

बेकायदा उपशाचा निषेध करणे सोपे आहे. बंधाऱ्यांचे काय? महाराष्ट्रातील श्रोत्यांनी येथे थोडे थांबून विचार करावा, कारण ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा आपण शाळेच्या भिंतींवर वाचलेली आहे, आणि ती खोटी नाही. मेंढेच्या काठच्या शेतकऱ्याने बंधारा मागितला तो बाजरीच्या शेजारी थोडा गहू पिकावा, विहिरीला आणखी दोन महिने पाणी राहावे म्हणून. त्याच्यापुढे रोहित पक्ष्यांचे गुणगान करणे हे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्याचा बंधारा एकटा सरोवर मारत नाही. पण असे शेकडो बंधारे, प्रत्येक आपापल्या जागी योग्य, एकत्र आले म्हणजे खालच्या टोकाला जो हिशेब निघतो तो कोणीच मांडलेला नसतो.

जयपूरकरांना या हिशेबाचा अनुभव घरच्या घरीच आला आहे. शहराच्या ईशान्येस रामगढचा तलाव आहे. तो निसर्गाने नव्हे, जयपूरच्या महाराजांनी बाणगंगा नदीवर बांध घालून घडविला. कित्येक दशके शहराने त्याचे पाणी प्याले, आणि १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती त्याच्यावर झाल्या. पुढे पाणलोटातील अडथळ्यांनी व अतिक्रमणांनी बाणगंगेचे पाणी तुटले आणि तलाव कोरडा पडला. ऑगस्ट २०२५ मध्ये ड्रोन उडवून त्यावर कृत्रिम पाऊस पाडण्याचा प्रयोग झाला. नदीची वाट मोकळी करण्यापेक्षा ढगाची मनधरणी करणे अधिक सुकर वाटावे, यावरून ती वाट किती अडली आहे ते कळते.

सांभरचे एक भावंड महाराष्ट्रात आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार. दोघांची जन्मकथा अगदी वेगळी: लोणारचे विवर बेसाल्ट खडकावर अशनी आदळून झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. आघाताच्या प्रचंड दाबाखालीच बनणारी काच येथील खडकांत सापडल्यावर, १९७३ च्या सुमारास, ज्वालामुखीचा जुना तर्क मागे पडला. वयाबद्दल मात्र मतभेद राहिले. आधी ते पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरीत, पुढे झालेल्या मोजणीने पाच लाख सत्तर हजार वर्षांचा आकडा दिला. लोणारही बंद थाळीच आहे. धारेचे गोडे पाणी आत उतरते आणि बाहेर जाण्यास वाट नाही, म्हणून तळ्याचे पाणी खारे व तीव्र अल्कधर्मी झाले. साबण व काच यांच्या कामी येणाऱ्या येथील क्षारांची नोंद ‘आईने अकबरी’त आहे. जून २०२० मध्ये तळे एकाएकी गुलाबी झाले तेव्हा वृत्तपत्रांनी त्यास चमत्कार म्हटले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की, उन्हाळ्यात पाणी आटून खारेपणा वाढला व क्षारप्रिय सूक्ष्मजीव माजले. सांभरच्या मिठागऱ्यास याचे काहीच नवल वाटले नसते. त्याच वर्षी लोणारही रामसर यादीत दाखल झाले.

पण त्यानंतर तेथे उलटाच प्रकार घडू लागला. पाण्याची पातळी वाढत गेली, आणि २०२५ पर्यंत काठावरील कमळजा देवीच्या मंदिरासह काही प्राचीन देवळांना पाण्याने वेढले. पाणी वाढले याचा आनंद मानावा अशी आपली सवय. येथे मात्र तज्ज्ञ चिंतेत पडले, कारण खारेपणा उतरला तर लोणारचे जे वैशिष्ट्य, ज्या सूक्ष्म जीवांसाठी देशोदेशींचे अभ्यासक येतात, तेच पुसले जाईल. सांभरला गोडे पाणी कमी पडते, लोणारला अधिक होऊ पाहते. दोन्हीकडे निर्णय विवराच्या वा बशीच्या आत व्हावयाचा नसून वरच्या शिवारात व्हावयाचा आहे.

असा निर्णय कोठे झाला आहे काय? झाला आहे, पण विलंबाने. कॅलिफोर्नियात, सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्व उतारावर, मोनो नावाचे खारे सरोवर आहे. लॉस एंजेलिस शहराने १९४१ पासून त्याला मिळणारे ओढे वळवून नळाने नेण्यास सुरुवात केली. चाळीस वर्षांत पातळी तेरा मीटरांहून अधिक खाली गेली, खारेपणा दुप्पट झाला. सरोवरातील ज्या बेटावर कुरव पक्षी निर्धास्तपणे घरटी करीत, तेथवर उघडी जमीन वर आली आणि १९७९ मध्ये कोल्ह्यांसारखे कायोटी त्या वाटेने बेटावर पोहोचले. पक्षिमित्र व काठचे रहिवासी न्यायालयात गेले. शहराची बाजू भक्कम होती. पाण्याचे हक्क त्याने रीतसर मिळविले होते. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असे हक्क दिलेले असले तरी जलाशय हे जनतेच्या वतीने शासनाकडे विश्वस्त म्हणून आहेत, आणि दिलेल्या हक्कांचा फेरविचार करण्याचे शासनाचे कर्तव्य संपत नाही. १९९४ मध्ये ओढ्यांत किती पाणी राहू द्यावयाचे आणि सरोवर कोणत्या पातळीपर्यंत भरू द्यावयाचे, हे आकड्यांत ठरविण्यात आले. शहराने पाण्याची काटकसर व पुनर्वापर यांचा मार्ग धरला. ठरलेली पातळी मात्र तीस वर्षे उलटूनही सरोवराने गाठलेली नाही. ओढे परत देणे हे वळविण्याइतके जलद होत नाही.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बियास नदीच्या प्रकरणात सार्वजनिक विश्वस्ततेचे हेच तत्त्व आपल्या कायद्याचा भाग म्हणून स्वीकारले, आणि तसे करताना मोनो सरोवराच्या निकालाचा आधार घेतला. तत्त्व येथे पोहोचलेले आहे. मेंढेच्या पात्रातून दर पावसाळ्यात किती पाणी सांभरपर्यंत पोहोचले पाहिजे आणि वरच्या गावांच्या वाट्याला किती राहिले पाहिजे, हा आकडा ठरविणे हे पुढचे काम आहे. तो त्या गावांना विचारूनच ठरवावा लागेल.

हिवाळ्यात जयपूरहून सांभरला जाणारे प्रवासी बहुधा सकाळी निघतात, रोहित पाहतात, शाकंभरीचे दर्शन घेतात, सांभर गावातील देवयानीच्या कुंडाशी घटकाभर टेकतात आणि दिवेलागणीस खातीपुऱ्याच्या बाजूने शहरात परततात. ज्यांना तासभर अधिक वेळ असेल त्यांनी उत्तरेकडे वळून मेंढेच्या पात्रापर्यंत जावे. पाहण्यासारखे तेथे काही नाही. रुंद, कोरडे, वाळूचे पात्र आहे. शेळ्या चरत असतात. आणि पाणी शेवटचे केव्हा वाहिले होते हे काठच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे लागते.